बॅटरीच्या पाण्याचा चहा

हसू नका, पण माझं लग्न बॅटरीच्या पाण्यावर जमलंय. तेव्हा आमच्या नवापूरच्या घरी नळ नव्हता आणि विहिरीचं पाणी इतकं खारट, की चहात दूध घातलं की फाटायचं. माहीमचे पाहुणे मला बघायला आले आणि लांबून आणलेल्या गोड्या पाण्याचा हंडा नेमका रिकामा! आई रडकुंडीला आली. तेवढ्यात तिला फळीवरचा कॅन दिसला. बोटीच्या बॅटरीत घालायला बाबा बोईसरच्या चार्जिंगवाल्याकडून डिस्टिल वॉटर आणून ठेवायचे, तो.

"आई, ते बॅटरीचं हाय!" मी ओरडलेच.

"त्यावर बोट चालते, मग पाहुणे नाय चालणार?"

होणाऱ्या सासूबाईंनी एक कप संपवून दुसरा मागितला. "काय गोड पाणी हाय वो तुमच्या विहिरीला! आमाला पोर पसंत हाय." बाबांनी रिकाम्या कॅनकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, ती सासूबाईंचा निरोप घेऊनच. "येताना तुमच्या विहिरीचं पाणी आण. दोन कॅन तरी आण."

खरं सांगायची कोणाची छाती? बाबांनी मुकाट्याने बोईसरची एसटी धरली.

चार्जिंगवाला चक्रावला. "इतना पानी? काका, कितनी बोट है आपकी?"

"बोट एकच है," बाबा म्हणाले. "बाकी का पानी समधन पियेगी."