मेणबत्ती ठेवून दे

बसच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक निवृत्त लाइनमन आणि त्यांची लेक उभी होती. लेकीचा गणवेश गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. समोर विजेचे खांब काढून रस्त्याखाली केबल टाकायचं काम चाललं होतं. बाईंचे कान त्या दोघांकडेच लागले.

"तारा वर होत्या तेव्हा बिघाड खालूनच दिसायचा. आता बसा रस्ता उकरत."

"बिघाड शोधायचं यंत्र आहे, बाबा. तेवढ्याच जागी खणतो आम्ही."

"मी खांबावर चढलो की अख्खी गल्ली माना वर करून बघायची. तू खड्ड्यात बसून केबल जोडतेस. तुला कोण बघतं?"

"कोणी नाही. गाडीवाले तेवढे शिव्या घालतात."

"तेच म्हणतोय मी."

"आणि दर वादळात तुम्ही खांबावर नि आई दारात, ते बरं होतं?"

म्हातारबुवांनी वाकून बस येतेय का ते पाहिलं.

"परवा वादळ झालं, तेव्हा तू कामावर होतीस."

"हो. दिवे गेले होते का आपल्याकडे?"

"कसले जातायत. तुझी आई आपली सवयीने मेणबत्ती घेऊन बसलेली. म्हटलं, ठेवून दे ती. आपल्या गल्लीतला जोड लेकीने केलाय."