शेपूचा वाफा

माझं माहेर कातळावरचं, दिवाळी सरली की प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं भाजीबिजी कुठली, आणि लगीन होऊन आले ती हातखंब्याच्या खालच्या अंगाला, घरामागं पऱ्या, म्हंजे ओढा हो, ते वाहतं पाणी बघून मी सासूला म्हटलं, आये, आता मला काय नको. सोळा वर्षांची होते मी. तेव्हापास्नं हिवाळ्याचा मळा माझा. भात झोडून झालं की पऱ्याला बांध घालायचा, ओल हाय तवर जमीन खणायची, वाफे करायचे. कुठं मुळा, कुठं लाल माठ, कुंपणाच्या कडेनं पावटे, ते मी खळ्यात, म्हंजे पुढच्या अंगणात, राखेनं रेघा मारून आधी ठरवायची. हे मुंबईला गिरणीत. शिमग्याला यायचे, माझ्या हातची कुळथाची पिठी ओरपायचे नि म्हणायचे, हिचा हात लागला की धोंड्याला पण पालवी फुटंल. मला वायच घमेंडच होती त्याची, खोटं कशाला बोलू.

लेक एकच, सुली. दिली ती खाडीपलीकडं, वेळणेश्वराच्या बाजूला. माणसं चांगली, नावं ठेवायला जागा नाय. तुमची लेक पण दिवसांतली हाय म्हणालात ना मघा, म्हणून सांगते हे ताई, नायतर मी कुणाकडं बोलत नाय.

पहिलं बाळंतपण माहेरचं. आमच्यात सातव्यात आणतात पोरीला. आठव्यात पोटुशी बाई पाण्यावरून आणीत नाहीत, मंग एकदम नवव्यात. कार्तिकात सुलीला सातवा लागला. जावयानं सांगावा धाडला, न्यायला या. सुलीचं पण पोस्टकार्ड आलं, आये, कधी येतेस, तुझ्या हातची पेज खावीशी वाटते. आणि मी काय केलं? मी वाफे करीत बसले! भात नुकतं झोडून झालेलं, जमिनीची ओल चाललेली, माणूस हाताशी नाय. म्हटलं पोर येईल ती रिकाम्या परड्यात कशी येईल, बाळंतिणीला दूध यायला शेपू नको? लाल माठ नको? आठ दिवसांत मळा लावते नि जाते. शेजारची सखूवैनी मला हसली, अगो, पोर काय भाजी बघायला येणार हाय, तुला बघायला येणार. मी म्हटलं, तू गप गो, तुला काय कळतंय.

आठाचे पंधरा झाले. बांध फुटला, परत घातला. गुरं शिरली, कुंपण परत केलं. मंग सासू बोटं मोजून म्हणाली, आता आठवा लागला गो, आता राहूंदे, नवव्यात आण. मला तर बरंच वाटलं. काय सांगू तुम्हाला, बरं वाटलं मला! म्हटलं तवर शेपू वर येईल. सुलीला कार्ड लिहून घेतलं, बाय, महिनाभर कळ काढ. डिंकाचे लाडू वळून डबा भरला, नाचणी भिजत घालून सत्व काढलं, लाल तांदूळ सडून वेगळे ठेवले. सगळं सगळं तयार.

एका सकाळी मी शिपत होते, शेपू चार बोटं वर आलेला, तर तिचा दीर बेड्याशी, कुंपणाच्या दाराशी उभा. म्हणाला, वैनी मोकळी झाली, मुलगी झाली, चला. मी म्हटलं, अरे आठव्यात? तो म्हणाला, चला तुम्ही. बसला पण नाय, पाणी पण घेतलंन नाय. आणि मला काय कळलं नाय हो! मी शेपूच्या दोन जुड्या काढल्या, कवळा होता तरी काढला, लाडवाचा डबा घेतला. जयगडला लाँचीत बसले नि बाजूच्या बायांना सांगत सुटले, नात झाली मला, नात. एका बाईला लाडू पण दिला. तो दीर तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसलेला.

त्यांच्या खळ्यात गेले तर माणसं जमलेली. सगळ्यांनी मला वाट करून दिली. माझ्या हातात शेपूच्या जुड्या होत्या. रगत थांबलं नाय म्हणाले, डोलीतनं दवाखान्यात नेत होते, वाटेतच गेली. तिची सासू माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, शेवटपर्यंत आये कधी येतेय म्हणत होती. ताई, माझ्या घरी असती तर जगली असती काय, ते देवाला ठाऊक. पण आये आये करत गेली नसती. मी उशाशी असते.

बाराव्यानंतर ती पोर मी आणली. पाण्यावरूनच आणली, एवढ्या मुठीएवढीला, तेव्हा कुणी काय रीत काढली नाय. सुलीसाठी काढलेलं सत्व तिला पाजलं, गायीच्या दुधात. जगली. आता शाळेत जाते. गिरणी बंद पडली नि हे पण कायमचे घरी आले, बांध आता हेच घालतात. वाफे मीच करते, पण शेपू मी तोंडात घालीत नाय. पोर मात्र मागून मागून खाते. तिला काय माहीत.

हे बघा ना, तुमचं शिरगणतीचं लिहिणं चाललंय नि मी बोलतेच आहे. ताई, मघा काय म्हणालात तुम्ही, घराला रंग काढून झाला की लेकीला आणायला जाणार? रंग राहूंदे हो. भिंती कुठं पळून जात नाहीत. ही जुडी घ्या, आजच काढली हाय, नि उद्या पहिल्या गाडीनं जा. तिला म्हणावं, आले बघ मी. सुखरूप मोकळी होऊंदे तुमची लेक.