सण तुमचा, दाढी आमची

भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात मी सशाचा पोशाख परत करायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोन आजोबा होते. पहिल्याच्या हातात सांताक्लॉजचा लाल डगला होता, दुसऱ्याचे हात रिकामे. रिकाम्या हातांच्या आजोबांनी सुरुवात केली.

"व्याही, डगला तुम्ही घेतलात? दरवर्षी मी घेतो."

"यंदा सांता मीच होणार आहे."

"नाताळ तुमच्या घरचा, म्हणून लग्नाच्या बैठकीतच ठरलं होतं आपलं. सण तुमचा, दाढी आमची."

"ते लग्नच कुठे राहिलंय आता?"

"घटस्फोट पोरांचा झालाय. सांताचा कुठे झालाय?"

"मुलगी म्हणते, तुमच्याबद्दल तिच्या मनात काही राग नाही. पण तुमचं नाक थेट तुमच्या मुलाचं आहे. तिला ते बघवत नाही."

"दाढी लावतो की."

"दाढीने नाक झाकलं जात नाही, व्याही."

"नाक तर नातीचंही तेच आहे."

"नातीचं तिला गोड वाटतं."

"बरं. मग नीट ऐका. नात सांताला हसण्यावरून ओळखते, आणि तुमचं हसणं म्हणजे खोकला."

"हो हो हो."

"हे तर बायकोला फोनवर होकार दिल्यासारखं झालं."

"मग कसं हसायचं?"

"पोटातून. कपाटातली भांडी वाजली पाहिजेत."

"एकदा करून दाखवा."

"हो... हो..."

"व्याही?"

"थांबा हो जरा. येईल. दरवर्षी येतं."