न बोलणाऱ्या हाताची साक्ष

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वैद्यकीय अधीक्षक, प्रयोगशाळेचे प्रमुख, मेंदूविकार विभागाच्या डॉक्टरीणबाई, आजच्या सत्कारमूर्ती ताई, त्यांचे कुटुंबीय, आणि पांढरे डगले खुर्चीच्या पाठीला अडकवून बसलेल्या श्रोतेहो,

या सभेत बोलण्याचा अधिकार मला कोणत्या नात्याने मिळाला, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मी या रुग्णालयाचा कर्मचारी नाही, वैद्य नाही, आणि रुग्णही नव्हतो. छत्तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. आज निरोप घेणाऱ्या ताईंनी एकतीस वर्षे माणसांचे रक्त काढले आणि तपासले. लहान मुलांच्या विभागात त्यांना ‘सुईताई’ म्हणतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते प्रेमाने म्हणतात. आमची ओळख सतरा दिवसांची. त्यांपैकी एका सकाळविषयीच मी बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. समोरच्याचे तिला समजत होते. स्वतःचे काही सांगता येत नव्हते.

पहिल्याच आठवड्यात मला एक नवे अक्षर-त्रिकूट भेटले : सी.आर.पी. इथल्या मंडळींना त्याची ओळख करून देणे हास्यास्पद ठरेल. पण मागच्या रांगेत ताईंचे नातेवाईक बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. शरीरात कुठेही दाह झाला, सूज आली, की यकृत एक प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते आणि ते रक्तात उतरते. ते मोजता येते. मेंदूला इजा झाली की हा आकडा चढतो. तो फार चढला किंवा चढाच राहिला, तर सर्वसाधारणपणे अशा रुग्णांची सुधारणा मंद होते, असे माझ्या मुलीने छापून आणलेल्या शोधनिबंधांत होते. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द मी वाचला होता. किंबहुना त्याखाली रेघ मारली होती. एखाद्या शब्दाखाली रेघ मारणे आणि तो ध्यानात ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मला नंतर कळले.

मी चौकटीच्या कागदावर आलेख काढू लागलो. अडतीस, बावीस, अकरा. रेषा उतरत होती. पुनर्वसन विभागात एक खाट रिकामी होत होती आणि शुक्रवारपर्यंत ती आमच्यासाठी राखली होती. तिथे रोज तीन तास व्यायाम आणि वाचाउपचार. ती संधी हुकली, तर मार्ग एकच होता : गावाबाहेरचे शुश्रूषागृह, जिथे माणसाची उत्तम काळजी घेतात आणि त्याच्याकडून काही अपेक्षा करत नाहीत.

बुधवारी अहवाल आला. चौसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की कारण सापडेपर्यंत पुनर्वसन विभाग रुग्ण घेणार नाही. छातीचा एक्स-रे काढू, लघवी तपासू. मी मात्र कारण आधीच शोधले होते. मेंदूला इजा, म्हणून दाह. दाह वाढला, म्हणजे इजा वाढली. इजा वाढली, म्हणजे वाचा येणार नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, एक दिवस थांबू या ना.” थांबण्याने आधारविधाने बदलत नाहीत, असे मी तिला सुनावले. बापाने मुलीला द्यावे असे ते उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी शुश्रूषागृहाच्या अर्जावर दोन सह्या हव्या होत्या. एक मी केली. दुसरीच्या वेळी पेन चालेना, असे सांगितले तर ते नाट्यमय वाटेल. खरे म्हणजे चहा आला आणि ती राहून गेली.

गुरुवारी सकाळी ताई आल्या. त्यांची एक रीत होती. आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करायच्या, मग पत्नीच्या डोळ्यांत पाहून म्हणायच्या, “टोचते हं आजी. चालेल?” आणि थांबायच्या. पत्नीने पापणी मिटल्यावरच सुई. जिला उत्तर देता येत नाही तिला प्रश्न विचारून काय साधते, असे मला नऊ दिवस वाटत आले होते.

त्या दिवशी मीच त्यांना विचारले, की आज आकडा किती येईल. त्या म्हणाल्या, “आकडा मशीन देईल सर, अर्थ डॉक्टर सांगतील.” मग पट्टा आवळता आवळता, जणू स्वतःशीच, “पण सूज कुठली, ते आकडा सांगत नाही. डोक्यातलीच असेल, असं कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने तो विचारला असता, तर मी वर्ग थांबवून त्याचे कौतुक केले असते. मी काय म्हणालो, ते शब्दशः सांगतो. “आपलं काम रक्त काढण्याचं आहे, निष्कर्ष काढण्याचं नाही.”

“हो सर,” त्या म्हणाल्या. रक्त घेतले, कापूस दाबला, नळीवर नाव लिहिले. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या हातांची मागची बाजू पत्नीच्या दोन्ही हातांना एकाच वेळी लावली; दोन पातेल्यांतले कोणते अजून गरम आहे, हे घरात जसे पाहतात तसे. क्षणभर थांबल्या. माझ्याशी एक शब्द न बोलता बाहेर गेल्या आणि वॉर्डमधल्या सिस्टरना घेऊन आल्या.

इथे मला माझ्याविषयीचा एक पुरावा सादर करावा लागेल. सलाईनची सुई पत्नीच्या उजव्या, म्हणजे निकामी हातात होती. ती तिथे का होती? कारण ती मी तिथे लावायला लावली होती. डावा हात चालतो, खुणा करतो, व्यायामाला लागतो. तेव्हा तो मोकळा ठेवावा, हे तर्काला धरून होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, “आम्ही शक्यतो त्या हातात लावत नाही.” मी कारण विचारले. त्यांना एकाच वेळी सहा रुग्ण पाहायचे होते. नीट मांडणी करायला सवड नव्हती. मी जिंकलो. वादात जिंकायची सवय लागलेल्या माणसाच्या घरच्यांना काय सोसावे लागते, याची कल्पना सभागृहातील काही भगिनींना असावी.

चिकटपट्टी आणि बँडेज सोडले. सुईभोवती पू होता, आणि मनगटापासून कोपराकडे शिरेची लाल रेघ चढली होती. डावा हात असता, तर पत्नीने पहिल्याच दिवशी तो झटकला असता. उजव्या हाताला संवेदनाच नव्हती. दुखते हे त्याला कळत नव्हते आणि कळते तरी तिला सांगता येत नव्हते. तिच्या वतीने तिचे रक्त तेवढे बोलत होते, आणि त्याचा अर्थ मी उलटा लावला होता. डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या, “सर, आमची सिस्टर तुमच्यापुढे केस हरली, पेशंटच्या रक्ताने अपील केलं.”

सुई निघाली, प्रतिजैविके सुरू झाली. शुक्रवारी आकडा एकेचाळीस होता, अजून चढाच. डॉक्टरीणबाई स्वतः पुनर्वसन विभागात गेल्या, कारण सापडले आहे असे सांगून त्यांनी खाट सोमवारपर्यंत राखून घेतली. सोमवारी पंधरा आला आणि पत्नी वरच्या मजल्यावरच्या पुनर्वसन विभागात गेली.

आता एक दक्षता. आकडा उतरला म्हणून वाचा आली, असे मी म्हणणार नाही. एकामागून एक घडलेल्या गोष्टींत ‘म्हणून’ घुसडण्याची किंमत मला कळली आहे. पाच आठवड्यांनी तिने पहिला शब्द उच्चारला, “नको”. तो भोपळ्याच्या सूपला उद्देशून होता. आज तिला दोनेकशे शब्द येतात. काही दिवशी तेही येत नाहीत. उजव्या हाताने गुंडी लागत नाही, बहुधा लागणारही नाही. पण ज्या खोलीत तिच्याकडून काही अपेक्षा ठेवली जाते, त्या खोलीत ती पोचली, हे ताईंमुळे. एवढे विधान मी कोणापुढेही सिद्ध करायला तयार आहे.

‘आपलं काम रक्त काढण्याचं’ या वाक्याबद्दल मी पुढे एकदा व्हरांड्यात ताईंना गाठून दिलगिरी मांडू लागलो. त्यांच्या हातात नळ्यांचा ट्रे होता. म्हणाल्या, “जाऊ द्या सर. रोज चारजण ओरडतात. तुम्ही निदान ‘आपलं’ म्हणालात.” त्यामुळे ती दिलगिरी अपुरी राहिली. आज मी ती या सभेसमक्ष पूर्ण करतो : ताई, निष्कर्ष काढण्याचे काम आपलेच होते, आणि आपण ते माझ्याहून चांगले केलेत. सिस्टर, आपण कुठे बसला आहात मला दिसत नाही. आपलेही म्हणणे बरोबर होते.

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या तरुण मंडळींना मला याशिवाय तीन मुद्दे सांगायचे होते. पहिला मुद्दा असा, की मोजमाप आणि अर्थ यांच्यामध्ये जे अंतर...

क्षमा करा. पहिल्या रांगेतून माझी पत्नी काही म्हणते आहे.

मागे ऐकू गेले नसेल, म्हणून मी पुन्हा सांगतो. ती म्हणाली, “अहो, पुरे. बसा आता.” चार शब्द, योग्य क्रमाने, आणि कुणीही न शिकवता. वाचाउपचाराच्या बाई इथे असतील तर त्यांनी नोंद घ्यावी.

तेव्हा मुद्दे राहू द्यावेत. अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतले, याबद्दल मनःपूर्वक आभार. ताईंना पुढील आयुष्यात उत्तम आरोग्य लाभो. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास आपण उदारपणे क्षमा करावी. आपल्या नजरेतून सुटलेल्या चुका मला घरी गेल्यावर सांगितल्या जातील. तशी सोय आता आमच्या घरात पुन्हा झाली आहे.