वरून उघडं नको

(वर्धेतलं कॉम्प्युटरचं दुकान. गिरडहून सासू-सून आल्या आहेत, देवकाबाई आणि मंजुषा. काउंटरपलीकडे रत्नदीप. देवकाबाईंचा मुलगा मुकेश, म्हणजे मंजुषाचा नवरा, हा त्याचा जुना दोस्त. मुकेश गेला त्याला आता वर्ष होईल.)

रत्नदीप : तर मग कॉम्प्युटर हाच ठेवा वहिनी. मुकेशभाऊचा असाच होता. लाइट जाते तिकडे, म्हणून यूपीएस संग घ्या. आता राह्यला प्रिंटर. घरासाठी पाह्यजे का धंद्यासाठी?

मंजुषा : धंद्यासाठी. स्टँडवरचं दुकान मी उघडून राह्यली. त्यांचंच काम पुढे चालवायचं. ऑनलाइन अर्ज, सातबारा, पोरांचे फोटो.

देवकाबाई : घरासाठीच पाह्य बाप्पा. दुकानाचं अजून ठरलं नाई.

मंजुषा : आई, येताना बसमध्ये ठरलं नं आपलं?

देवकाबाई : तू बोलली. मी खिडकीतून पाहून राह्यलती.

रत्नदीप : बरं, आधी पाहून तर घ्या. हा शाईच्या टाकीवाला. बाटलीनं शाई भरली का झालं, टेन्शन नाई. कागद मागून वरून लावाचा. जाड कागद घेते, फोटोचा घेते.

देवकाबाई : हा नको.

रत्नदीप : काऊन काकू? सगळे दुकानवाले हाच नेतात.

देवकाबाई : याचं तोंड वर आहे. वरून उघडं नको मले.

रत्नदीप : ती कागद लावाची जागा होय, काकू.

देवकाबाई : कायची जागा होय ते मले ठाव आहे. झाकलेलं दाखव.

रत्नदीप : आहे तसाबी. खाली ट्रे, कागद आत बंद. पण जाड कागद आत वळते न् फसते. धंद्याले गैरसोय होईन.

देवकाबाई : होऊ दे.

मंजुषा : आई, दुकानच नको असेल तर सरळ सांगा नं. आडून आडून काय बोलता? मी घरी बसून दिवसभर काय करू? समीक्षा शाळेतून आली का रोज विचारते, बाबाचं दुकान कधी उघडणार. तिला काय सांगू?

देवकाबाई : दुकानाले मी कवा नाई म्हटलं? मशीनचं भेव वाटते मले.

मंजुषा : मशीनशिवाय दुकान चालते का कुठं!

देवकाबाई : रत्नदीप, तुले एक विचारते. खरं सांगजो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकेश तुह्याकडे प्रिंटरचं मशीन घेऊन आलता. काय झालतं त्याले?

रत्नदीप : कागद फसून राह्यलता, काकू.

देवकाबाई : कायच्यानं?

रत्नदीप : रोलर घासला होता. जुनं मशीन होतं नं.

देवकाबाई : इकडे पाहून सांग.

रत्नदीप : अवो काकू, जाऊ द्या नं आता ते.

देवकाबाई : तू नको सांगू, मीच सांगते. दसऱ्याची पूजा म्या केलती. त्या मशीनले हळद-कुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं, अन् वरून मूठभर अक्षता सोडल्या. देवाच्या टाकावर सोडतो तशा. तोंड उघडं होतं, मले काय ठाव? सकाळी मशीन कडकड करू लागलं. मुकेशनं आत पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् काही न बोलता ते गाडीवर बांधून निघाला. चहाबी नाई घेतला. अन् वापस येताना रस्त्यात...

मंजुषा : अगं बाई! आई, वर्षभर हे मनात घेऊन बसल्या तुम्ही?

देवकाबाई : तवापासून देवाले अक्षता नाई वाह्यल्या म्या. हात उठत नाई. माह्या तांदळानं माह्यं लेकरू रस्त्यावर नेलं.

मंजुषा : ट्रकवाला पिऊन होता, आई. सगळ्या गावाला माहीत आहे.

देवकाबाई : पण त्या ट्रकपुढे तो गेला काऊन, मंजुषा? माह्यामुळेच नं?

रत्नदीप : काकू, बसा. पाणी घ्या. खोटं बोललो मी. तांदूळच होते. चिमट्यानं दाणा दाणा काढला म्या. कुंकवानं लाल झालते.

मंजुषा : भाऊ, काय गरज होती हो आता?

रत्नदीप : राहू द्या वहिनी. अर्धं त्याईले ठाव आहे, तर पुरं ठाव असू द्या. काकू, मी दाणे काढत होतो अन् मुकेशभाऊ हासत होता. इतका हासला का समोरचा चहावाला येऊन डोकावून गेला.

देवकाबाई : हासला?

रत्नदीप : पोट धरून. म्हणे, माही माय कोणालेच उपाशी ठेवत नाई, आता मशीनलेबी जेवाले घातलं तिनं.

देवकाबाई : सकाळी तर एक शब्द नाई बोलला माह्यासंग. मले वाटलं, रागानं गेला.

रत्नदीप : राग कायचा काकू! तुमच्यासमोर हासू दाबलं असन त्यानं. मले म्हणे, आईले सांगजो नको, नाईतर पुढच्या दसऱ्याले पूजेले हातच नाई लावणार ते.

मंजुषा : म्हणजे ते हे होतं! इथूनच फोन केला होता त्यांनी मला. म्हणे, एक गंमत आहे, घरी आल्यावर सांगतो. काय गंमत होती, याचाच विचार करत होती मी आजवर.

देवकाबाई : अन् तू वर्षभर चूप बसला, रत्नदीप?

रत्नदीप : सांगू नको म्हणे नं, काकू. त्याचं शेवटचं बोलणं होतं ते माह्याजवळ. तुमी मनाले लावून बसल्या हे ठाव असतं, तर गिरडले धावत आलो असतो.

मंजुषा : आई, रडा. रडून घ्या. मी आहे इथंच. भाऊ, तो झाकलेलाच बांधा. जाड कागदाचं मी पाहीन काहीतरी.

देवकाबाई : नाई. धंद्याले जो बरा, तो दे. दुकान तिले चालवाचं आहे, मले नाई.

मंजुषा : नक्की नं आई?

देवकाबाई : नक्की. बांधाले वेळ लागन का, रत्नदीप?

रत्नदीप : थोडा लागन, काकू. सगळं चालू करून दाखवतो, मग बांधतो.

देवकाबाई : लागू दे. तवरक तो कसा हासला, ते अजून एकदा सांग.