चौकोनी पिनांचा प्लग

सांगते, पण हसायचं नाही हं. दोन रात्री मला झोप नव्हती, आणि ती पैशांपायी नव्हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना कळेल म्हणून.

त्यांच्याकडे वॉफल खाऊन आल्यापासून आमची चार वर्षांची मीरा काकूंच्याच नावाचा जप करत होती. मी गुपचूप ऑनलाइन वॉफल मेकर मागवला. आला, तर प्लगला जाड चौकोनी पिना! आमच्याच काय, अख्ख्या हरिशंकरपुरम कॉलनीतल्या सॉकेटात गेला नसता. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "अडॅप्टर लगा लीजिए मॅडम, डिब्बा खुल गया तो वापसी नहीं." मी एवढी एम.ए. झालेली, त्यालाच "सॉरी भैया" म्हणून फोन ठेवला.

शेवटी मीराच काकूंना ओढत खाली घेऊन आली. जाऊबाईंनी प्लग पाहिला आणि माझाच फोन उचलून दुकानदाराला लावला. "भैया, साइट पे लिखा था कि प्लग विदेशी है? नहीं ना? तो गलती आपकी. डिब्बा खोले बिना प्लग दिखता कैसे? वापस लीजिए, नहीं तो उपभोक्ता फोरम में मिलते हैं."

दोन मिनिटांत माणूस कबूल! मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली जळजळ. हेही यांनाच जमावं?

"पण तू घेतलास कशाला गं? माझा न्यायचास की," जाऊबाई म्हणाल्या.

"सहजच हो."

"सहज नाही, काकू," मीरा म्हणाली. "आई म्हणाली, काकूंपेक्षा बड़ावाला मागवू."