घोटलेला खड्डा

आई : साल मला सांगता यायचं नाही, पोरी. पण थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी संडासाचा तो जुना खड्डा खणला, एवढं पक्कं. पाहुणे फाटकात आले तरी ह्याचा बाप कोपरापर्यंत चिखलात. हात न धुताच व्याह्यांच्या गळ्यात पडला.

मिस्त्री : आई, मॅडमनी खड्ड्याचं वय विचारलंय. व्याह्यांच्या सदऱ्याचं नाही.

तपासनीस : राहू द्या मिस्त्री, कळलं मला. म्हणजे तळ उघडा, भिंती नुसत्या रचलेल्या दगडांच्या, आणि विहीर ही इथेच. तो बुजवावा लागेल. आता तसला खड्डा नियमात बसत नाही.

आई : बुजवा की. मला संडास घरात हवाय. कंबर मोडल्यापासून धाकटीकडे तिसऱ्या मजल्यावर पडून आहे. ती म्हणते, घरात सोय झाल्याशिवाय तुला सोडायची नाही. आज नुसती बघायला म्हणून आलेय. पण गाठोडं बांधूनच आलेय.

मिस्त्री : नव्या सेप्टिक टाकीचं माझ्यावर सोडा, मॅडम. माझ्या टाकीतून थेंब बाहेर आला तर थापी विहिरीत टाकीन.

तपासनीस : टाकीची मला काळजी नाही. टाकीत काय होतं, जड गाळ तळाला बसतो, तेलकट हलकं असतं ते वर साय धरतं, आणि मधलं पाणी तेवढं पुढे जातं.

आई : साय? दुधावर धरते तशी?

तपासनीस : शब्द तोच, आजी. फक्त काढून ठेवायची नाही.

आई : शी! पोरगी तोंडाची तिखट आहे रे.

तपासनीस : पण ते मधलं पाणी अजून घाणच असतं. ते शोषचरात सोडायचं, म्हणजे खडी भरलेल्या लांब चरात. तिथून ते जमिनीत झिरपतं. खरं काम जमीन करते. म्हणून टाकीच्या आधी जमिनीची परीक्षा. चाचणीच्या खड्ड्यात काल पाणी भरून ठेवलंत ना?

मिस्त्री : काल सकाळीच भरलं. तेच तर सांगायचं होतं. काठीवर खूण केली होती, पाणी अजून खुणेलाच आहे. जागचं हललं नाही.

आई : मग? त्यानं काय होतं?

तपासनीस : आजी, जमीन पाणी पीत नसेल तर मला परवानगी देता येत नाही. टाकी कितीही चांगली असो.

आई : अगं, पीत नाही कशी? आयुष्यभर मी ह्या परसात धुण्याचं पाणी ओतलं. एक दिवस डबकं साचलं नाही. मी काय आता त्या तिसऱ्या मजल्यावरच मरायचं?

मिस्त्री : आई, मॅडमच्या हातात थोडंच आहे ते.

तपासनीस : थांबा जरा. मिस्त्री, खड्ड्याच्या भिंती अशा चकचकीत कशा?

मिस्त्री : पहारीनं खणला, मग ओल्या थापीनं घोटून घेतला. वरपासून खालपर्यंत. तुम्ही बघायला येणार, ओबडधोबड कसा ठेवू?

तपासनीस : अहो मिस्त्री, तुम्ही चिकणमातीचा गिलावा केलात आतून! मातीची सगळी तोंडं लिंपलीत.

आई : मेल्या! बापाचाच लेक. तो कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा गिलावा करायचा. कोंबड्या घसरून पडायच्या.

मिस्त्री : माझं सगळं आयुष्य पाणी अडवण्यात गेलं, मॅडम. खड्डा दिसला की हात आपोआप फिरतो.

तपासनीस : टाकी गळता कामा नये आणि जमीन गळलीच पाहिजे. एकाच कामात दोन्ही. खिळा आहे? पाणी उपसून सगळ्या भिंती ओरबाडा. पडलेली माती काढून टाका आणि तळाला थोडी खडी पसरा.

मिस्त्री : आपणच घोटलेलं आपणच ओरबाडायचं. हात होत नाही.

आई : मग खिळा इकडे दे.

मिस्त्री : तू बस गं. ओरबाडतो.

तपासनीस : तो कोपरा राहिला. हां. आता खुणेपर्यंत पाणी घाला, हळू. नियमानं परत भिजवून उद्या मोजायचं. आज नुसतं बघू.

आई : हललं का?

मिस्त्री : नाही. कसलं हलतंय.

आई : आता?

मिस्त्री : आई, जरा दम धर. नाही म्हणजे... अरे. मॅडम, खूण. खूण उघडी पडली.

आई : मला पुढे घे. खुर्चीसकट. अजून पुढे. पडत नाही मी. अगं बाई... पितेय. पितेय रे ती.

तपासनीस : हो.

आई : आवाज येतोय का तुम्हाला? की माझेच कान?

तपासनीस : बुडबुडे आहेत, आजी. मातीत हवा असते. पाणी आत गेलं की ती वर येते. त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात आत. ह्या मूठभर मातीत जगातल्या माणसांपेक्षा जास्त असतील. आपली घाण ते खातात. खोल जाईपर्यंत पाण्याचं परत पाणी होतं.

मिस्त्री : आणि मी जन्मभर हिला घमेल्यानं उपसून फेकत आलो.

आई : एवढे गडी कामाला, आणि एकाची कुरकुर नाही. आम्ही आपलं पायाखालची माती म्हणत राहिलो.

तपासनीस : मी कितीतरी खड्ड्यांपाशी बसलेय. दर वेळी वाटतं, ह्या वेळी काही होणार नाही. मग खूण उघडी पडते, आणि माझ्याच्यानं लगेच उठवत नाही.

आई : मग बस की. मी कुठे जातेय? गाठोडं घरात ठेव रे.

(पुढच्या वर्षी, त्याच परसात.)

तपासनीस : ओल नाही, वास नाही, चरावर नुसतं गवत. झाड लावायचं नाही, गाडी न्यायची नाही, सगळं पाळलंत. छान. टाकीच्या दोन्ही कप्प्यांची झाकणंही घट्ट आहेत.

मिस्त्री : पाळलं कसलं, आईचा पहारा होता. चरापाशीच खुर्ची टाकून बसायची. कोणी गवतावरून निघालं की ओरडायची, "हळू चाला, खाली माणसं कामाला आहेत!"

तपासनीस : आज आवाज नाही त्यांचा. झोपल्यात?

मिस्त्री : संडासापर्यंत शेवटपर्यंत आपल्या पायांनी गेली, भिंतीला धरून. धाकटी आली होती, तिलाही हात लावू दिला नाही.

तपासनीस : मिस्त्री...

मिस्त्री : आई वारली, मॅडम. मागच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, पहाटे. ह्याच घरात.